इंग्लंडमधली सिक्स्थ फॉर्मची दोन वर्षं: नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडला निघालेल्या मराठी घरात दहावी झालेलं मूल असलं, की व्हिसा हातात पडायच्या आधीच प्रश्न सुरू होतो: आता हिच्या अकरावीचं काय? इथे अकरावी-बारावीच्या जागी सिक्स्थ फॉर्म असतो. शाळेतली ही शेवटची दोन वर्षं, इयर १२ आणि इयर १३. मुलं साधारण १६ ते १८ वर्षांची. पुष्कळ माध्यमिक शाळांचा स्वतःचा सिक्स्थ फॉर्म असतो, तर काही शहरांत त्यासाठी वेगळं कॉलेज असतं. आकड्यांनी गोंधळू नका, इयर १२ म्हणजे आपली अकरावी. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं आहे, स्कॉटलंडची पद्धत निराळी.

आपल्याकडून येताना दोन समजुती सामानाबरोबर येतात. एक, अकरावी जरा आरामाची, खरा जोर बारावीला. दुसरी, कॉलेज हजेरीपुरतं, खरा अभ्यास क्लासला. इथे दोन्ही महागात पडतात. विद्यापीठाला अर्ज जातो तेव्हा अंतिम परीक्षा अजून व्हायची असते. अर्जासोबत जातात ते शिक्षकांनी वर्तवलेले ग्रेड आणि शाळेने लिहिलेलं शिफारसपत्र. या दोन्हींचा पाया पहिल्या वर्षातच घातला जातो, तोही वर्गात रोज समोर दिसणाऱ्या मुलाकडे बघून. सिक्स्थ फॉर्मचे नियम हे लक्षात ठेवून वाचले, की ते जाचक वाटत नाहीत.

आधी वय, मग मार्कशीट

इथे इयत्ता वयावरून ठरते. ३१ ऑगस्टला ज्या मुलाला १६ पूर्ण झाली असतील, ते त्या सप्टेंबरात इयर १२ ला बसतं. दहावी उत्तम मार्कांनी पास झालेल्या, पण सप्टेंबर ते डिसेंबरमधला वाढदिवस असलेल्या मुलीला म्हणूनच कधी कधी इयर ११ दिलं जातं. म्हणजे पुढच्या मे-जूनमध्ये तिची जीसीएसई परीक्षा, म्हणजे इथली दहावी. आईवडिलांना हे वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. तसं नाही, पण दोन वर्षांचा अभ्यासक्रम एका वर्षात उरकणं मुलीला जड जातं. वय सीमेवर असेल तर निघण्यापूर्वीच शाळेला ईमेल करून विचारा. उलट बाजूही लक्षात घ्या. भारतात अकरावी झालेल्या मुलाला इथे बहुधा पुन्हा इयर १२ पासूनच सुरुवात करावी लागते, कारण ए लेव्हल, म्हणजे सिक्स्थ फॉर्मला बहुतेक मुलं करतात तो, सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि परीक्षा शेवटी एकदाच होते.

प्रवेशासाठी शाळा जीसीएसईचे ग्रेड मागतात. हे ग्रेड ९ ते १ असे असतात, ९ सर्वांत वरचा. गणित आणि इंग्रजी धरून पाच विषयांत ४ किंवा ५, आणि जो विषय पुढे घ्यायचा त्यात ६ किंवा ७, ही सर्वसाधारण अपेक्षा. एसएससी, सीबीएसई किंवा आयसीएसईच्या मार्कांचं काय करायचं हे प्रत्येक शाळा आपापल्या परीने ठरवते. कुणी मार्कशीट बघून प्रवेश देतं, कुणी विषयवार छोटी परीक्षा घेतं. मूळ मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं हातच्या बॅगेत ठेवा. शक्य असेल तर दहावीचा अभ्यासक्रमही सोबत असू द्या. "त्रिकोणमिती झाली आहे" असं तोंडी सांगण्यापेक्षा पुस्तकाची अनुक्रमणिका दाखवली की गणिताच्या शिक्षकांना लगेच कळतं.

एक कायदेशीर गोष्ट. २०१५ पासून इंग्लंडमध्ये १८ वर्षांपर्यंत कुठल्या ना कुठल्या शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणं बंधनकारक आहे. ते ए लेव्हलच असलं पाहिजे असं नाही. बीटेक आहे, अप्रेंटिसशिप आहे, २०२० पासून टी लेव्हलही आहे, ज्यात किमान ३१५ तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी काढावे लागतात. (हे बीटेक आपल्या इंजिनीअरिंगच्या पदवीचं नव्हे, शाळेच्या वयातलं व्यवसायाभिमुख शिक्षण.) आपल्या घरांत या वाटांकडे बघितलंही जात नाही, हे मला खटकतं. हाताने काम करण्यात रमणाऱ्या मुलासाठी टी लेव्हल फार चांगला पर्याय आहे.

विषय तीनच

"फक्त तीन?" हा प्रश्न प्रत्येक मराठी पालक विचारतो. हो, तीन. फर्दर मॅथ्स, म्हणजे गणिताखेरीज घ्यायचा वरच्या गणिताचा वेगळा विषय, घेणारी मुलं बहुतेक चार करतात. पण हे तीन विषय इतके खोलवर शिकवतात की तिसऱ्या महिन्यात कुणी "कमी आहे" म्हणत नाही. इथे सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा शाखा नाहीत, त्यामुळे भौतिकशास्त्रासोबत इतिहास घेता येतो. मात्र पुढच्या दारांचा विचार करूनच निवड करा. मेडिसिनसाठी बहुतेक विद्यापीठांना रसायनशास्त्र लागतं आणि त्यासोबत जीवशास्त्र असलेलं बरं. इंजिनीअरिंगला गणित आणि भौतिकशास्त्र. कॉम्प्युटर सायन्ससाठी नामवंत विद्यापीठं कॉम्प्युटर सायन्सच्या ए लेव्हलपेक्षा गणिताचा आग्रह जास्त धरतात, हे ऐकून पालक चकित होतात. विषय बदलायचा असेल तर सप्टेंबरअखेरपर्यंतच बोला, त्यानंतर राहिलेला भाग भरून काढणं अवघड होतं. गुजराती, बंगाली, पंजाबी आणि उर्दूची ए लेव्हल आहे, मराठीची नाही. मराठी घरीच जपावी लागेल.

कपडे, ओळखपत्र, फोन

इयर ११ पर्यंत गणवेश असतो. सिक्स्थ फॉर्मला अनेक शाळा ऑफिसला शोभतील असे कपडे सांगतात: मुलांना शर्ट, टाय आणि ब्लेझर, मुलींना त्याच तोडीचं काही. जीन्स, हूडी आणि स्पोर्ट्स शूज बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. स्वतंत्र कॉलेजांत मात्र हवं ते घाला. नियमावली हातात येईपर्यंत भारतात सूट शिवून घेऊ नका, कारण काही शाळा रंगही ठरवून देतात. ओळखपत्र गळ्यात दिसलंच पाहिजे, हा नियम बहुतेक ठिकाणी कडक आहे. फोनबाबत खालच्या वर्गांपेक्षा मोकळीक असते, पण ती कॉमन रूमपुरती. कॉरिडॉरमध्ये अकरा वर्षांची पोरं बघत असतात आणि थोरल्यांनी त्यांच्यासमोर नियम पाळून दाखवावेत अशी अपेक्षा असते.

मोकळा तास मोकळा नसतो

या जागी सर्वांत जास्त मुलं घसरतात, म्हणून जरा तपशिलात सांगते.

इयर १२ च्या मुलीचा एखादा मंगळवार घ्या. पहिला तास रसायनशास्त्र, दुसरा मोकळा, तिसरा गणित, चौथा आणि पाचवा पुन्हा मोकळा. आपल्याकडे असा दिवस म्हणजे "दोनच लेक्चर होती, घरी आले". इथे दुसऱ्या तासाला अनेक शाळांत देखरेखीखालचा अभ्यास असतो: ठरलेली खोली, ठरलेली जागा आणि हजेरी. चौथ्या-पाचव्या तासाला घरी जाण्याची परवानगी असेलही, पण ती बहुधा दिवाळीच्या सुमारास, पहिल्या काही आठवड्यांचं काम बघून मिळते आणि हलगर्जीपणा दिसला तर काढूनही घेतली जाते.

बाहेर जाताना सही करायची, परत आल्यावर पुन्हा सही करायची. कार्ड टेकवण्याचं यंत्र असेल तर ते टेकवायचं. मुलांना हा जाच वाटतो. कारण सांगितलं तर पटतं: आग लागल्याचा भोंगा वाजला की इमारतीत कोण आहे हे याच यादीवरून मोजतात. सही न करता कोपऱ्यावरच्या दुकानात गेलेल्या मुलीला शोधायला कुणीतरी आत जाऊ शकतं.

आता हे मोकळे तास कशासाठी? शाळा सांगतात, प्रत्येक विषयाला आठवड्यात वर्गात जेवढे तास मिळतात, साधारण तेवढेच तास स्वतः अभ्यास करा. म्हणजे विषयामागे चार-पाच तास. यात नुसता गृहपाठ धरायचा नाही. झालेल्या नोट्स पुन्हा लिहिणं, पुढच्या धड्याचं वाचन, जुन्या प्रश्नपत्रिका आणि परीक्षा मंडळाने छापलेल्या उत्तरतालिका हे सगळं त्यात येतं. उत्तरतालिका वाचायची सवय पहिल्याच महिन्यात लावा. आपल्या मुलांचं गणित पक्कं असतं, पण "स्पष्ट करा" आणि "मूल्यमापन करा" या दोन प्रश्नांत काय फरक आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि मार्क नेमके तिथेच जातात.

गैरहजेरी: न येणं चालतं, न सांगणं नाही

आजारी असेल तर शाळा भरायच्या आधी फोन, ईमेल किंवा शाळेच्या अॅपवरून पालकांनी कळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आजारी असेल तर पुन्हा कळवायचं. डेंटिस्ट, ड्रायव्हिंगचा तास, वाढदिवस यांसाठी वर्ग बुडवायचा नाही. शाळा साधारण ९५ टक्क्यांहून जास्त हजेरीची अपेक्षा ठेवतात. आपल्या ७५ टक्क्यांच्या हिशोबाने चाललात तर ऑक्टोबरातच घरी पत्र येईल.

दंडाबद्दल नेहमी विचारलं जातं. शाळेच्या दिवसांत सुट्टीवर गेल्यास पालकांना होणारा दंड सक्तीच्या शालेय वयापुरता आहे. ज्या शैक्षणिक वर्षात मूल १६ चं होतं, त्या वर्षाच्या जूनमधल्या शेवटच्या शुक्रवारी ते वय संपतं. त्यामुळे सिक्स्थ फॉर्मला तो दंड लागू होत नाही. पण म्हणून तिकिटं काढायला मोकळे, असा अर्थ घेऊ नका. सतत गैरहजर राहणाऱ्याची जागा धोक्यात येते, काही शाळा परीक्षेची फी पालकांकडून घेतात, आणि शिफारसपत्रात हजेरी दिसतेच.

सणांचं काय? गणपती पुष्कळदा शाळा सुरू होण्याच्या सुमारासच येतात. पहिल्या पंधरवड्यात गावी जाऊ नका. याच दिवसांत विषय पक्के होतात, गट पडतात, आणि न आलेल्या मुलाची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जाऊ शकते. दिवाळीच्या दिवसासाठी मात्र आधी लेखी विचारलं तर शाळा सहसा नाही म्हणत नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभराची सुट्टी असते, कधी दिवाळी नेमकी त्यात येते.

पालकांनी एक पाऊल मागे

सिक्स्थ फॉर्मला शाळा आईवडिलांऐवजी थेट मुलाशी बोलायला लागते. आपल्याला हे जड जातं. पेरेंट्स ईव्हनिंगला, हल्ली ती पुष्कळदा ऑनलाइन असते, प्रत्येक शिक्षकाला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. त्या पाच मिनिटांत शिक्षक पहिला प्रश्न मुलीला विचारतात: "तुला काय वाटतं, कसं चाललंय?" आपल्या घरातली मुलगी आईकडे बघते आणि आई उत्तर देते. तसं करू नका. आदल्या दिवशी तिच्याशी बसून दोन मुद्दे ठरवा, काय जमतंय आणि काय अडतंय, आणि ते तिलाच बोलू द्या. तुमचे प्रश्न शेवटच्या मिनिटासाठी ठेवा.

वर्गातही हीच गोष्ट. मान खाली घालून शांतपणे लिहिणारं मूल म्हणजे गुणी मूल, अशी आपली शिकवण. इथल्या शिक्षकांना त्या शांततेतून फक्त एवढंच कळतं की या मुलाच्या मनात काय चाललंय ते माहीत नाही. कळलं नाही तर हात वर करायचा, चुकीचं का होईना उत्तर द्यायचं, चर्चेत दुसऱ्याचा मुद्दा खोडून काढायचा. त्यात उद्धटपणा नाही. शिक्षकांना "सर" किंवा "मिस" म्हणतात, काही कॉलेजांत थेट नावाने हाक मारतात. नावाने हाक मारायला मुलांची जीभ रेटत नाही, पण तिथे तीच रीत आहे.

अडचण आली की मुलाने स्वतः ईमेल करायचा. काय लिहायचं कळत नसेल तर हा नमुना इंग्रजीतून लिहून घ्या:

"सर, गुरुवारी तिसऱ्या तासाला माझी हॉस्पिटलची अपॉइंटमेंट असल्यामुळे मी वर्गात नसेन. त्या तासाची पानं मी टीम्सवरून उतरवून घेईन. शुक्रवारी द्यायचा निबंध वेळेवर देते. प्रस्तावनेबद्दल एक शंका आहे, बुधवारी जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं मिळतील का?"

यात कारण आहे, चुकलेलं काम कसं भरून काढणार ते आहे, आणि नेमकी विचारणा आहे. माफी, विनवणी, लांबण काही नाही. निबंध जमत नसेल तर मुदत संपायच्या आधी सांगितलं की बहुतेक शिक्षक दोन दिवस वाढवून देतात. मुदत संपल्यावर तेच कारण बहाणा वाटतो.

फॉर्म ट्यूटर हा तुमच्या मुलाचा रोजचा माणूस, त्याच्या वर हेड ऑफ सिक्स्थ फॉर्म. घरची चिंता, एकटेपणा, झोप न येणं, कुणी त्रास देणं, यातलं काहीही ट्यूटरला सांगता येतं. मुलांना एवढं सांगून ठेवा की जिवाला धोका असेल अशी गोष्ट शिक्षक गुप्त ठेवू शकत नाहीत, त्यांना ती शाळेतल्या सुरक्षिततेच्या अधिकाऱ्याला कळवावीच लागते. ते मुलाच्याच भल्यासाठी असतं.

स्वतःचं काम स्वतःचं

इतिहास, इंग्रजी साहित्य, कॉम्प्युटर सायन्स अशा विषयांत घरी किंवा वर्गात करायच्या प्रकल्पाचे मार्क अंतिम निकालात धरतात. त्यात दुसऱ्याचा मजकूर किंवा एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून दिला तर तो गैरप्रकार ठरतो, आणि तो विषय, क्वचित सगळी परीक्षाच, रद्द होऊ शकते. आपल्याकडे प्रोजेक्ट दादा-ताईकडून करून घेण्याची जी सवय आहे, ती विमानतळावरच सोडून या. परीक्षेच्या खोलीत बंद असलेला फोन खिशात सापडला तरी तोच गुन्हा धरतात.

शनिवार-रविवारच्या नोकरीला शाळेची हरकत नसते. आठवड्याला आठ-दहा तासांपलीकडे मात्र अभ्यास मागे पडतो. सतराव्या वर्षी गाडी चालवता येते, पण शाळेत पार्किंग मिळेल असं धरून चालू नका.

इयर १२ च्या उन्हाळ्यात काय ठरतं

जूनच्या सुमारास इयर १२ ची अंतर्गत परीक्षा होते. तिच्या निकालावर दोन गोष्टी अवलंबून असतात: इयर १३ ला जाता येणार की नाही (बहुतेक शाळा किमान ग्रेड ठरवून देतात), आणि विद्यापीठाच्या अर्जात कुठले अंदाजित ग्रेड जाणार. तीन विषयांत ए स्टार (सर्वांत वरचा ग्रेड), ए, ए मागणाऱ्या विद्यापीठाला बी, बी, सी असा अंदाज पाठवून उपयोग नाही. म्हणून म्हटलं, इथली अकरावी आरामाची नाही.

अर्ज युकास या एकाच यंत्रणेतून जातो. पाच अभ्यासक्रम निवडता येतात, त्यांपैकी मेडिसिनचे जास्तीत जास्त चार. ऑक्सफर्ड, केंब्रिज, आणि बहुतेक मेडिसिन, डेंटिस्ट्री व पशुवैद्यक अभ्यासक्रमांसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, बाकीच्यांसाठी जानेवारी. शाळेची अंतर्गत मुदत याच्या बरीच आधी असते आणि पाळायची ती तीच, कारण शिफारसपत्र लिहायला शिक्षकांना वेळ लागतो. मेडिसिनची यूकॅट परीक्षा तर इयर १३ सुरू होण्याच्या आगेमागेच द्यायची असते. अर्जात स्वतःबद्दल लिहायचा मजकूर, म्हणजे पर्सनल स्टेटमेंट, २०२६ च्या प्रवेशापासून एक सलग निबंध राहिलेला नाही. तीन ठरलेले प्रश्न आहेत, मिळून ४००० अक्षरांची मर्यादा. हा विषय का, शाळेतल्या अभ्यासाने तयारी कशी झाली, आणि शाळेबाहेर काय केलं, असा त्यांचा रोख. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर हवं असेल तर खालच्या वर्गातल्या मुलांना वाचायला शिकवणं, ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार (स्वयंसेवा, खेळ, मोहीम अशी कामं पूर्ण करून मिळणारा), ईपीक्यू नावाचा स्वतंत्र संशोधन प्रकल्प यांतलं एखादं काम इयर १२ मध्येच हाती घ्या. मंडळाच्या गणेशोत्सवात लहान मुलांचं नाटक बसवलं असेल तर तेही लिहा, त्यातून काय शिकलो ते सांगता आलं म्हणजे झालं.

पैशाची एक गोष्ट वेळेवर कळायला हवी. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांची मुलं सरकारी शाळेत विनाशुल्क शिकतात. विद्यापीठाचं तसं नाही. स्थानिक दराने फी आणि सरकारी कर्ज मिळायला सर्वसाधारण नियम असा, की अभ्यासक्रम सुरू होताना मुलाकडे कायमच्या वास्तव्याचा हक्क हवा आणि त्याआधी तीन वर्षं इथे राहिलेलं असावं. दोन वर्षं सिक्स्थ फॉर्म केल्याने तो दर आपोआप मिळत नाही. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी स्थानिक दर वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत होता. परदेशी विद्यार्थ्यांचा दर याच्या कितीतरी पट असू शकतो. हा हिशोब इयर १२ च्या पहिल्या सत्रातच मांडा.

परीक्षा आणि निकालाचा दिवस

ए लेव्हलच्या लेखी परीक्षा मे-जूनमध्ये होतात. वेळापत्रकातला शेवटचा पेपर झाला म्हणून लगेच भारताचं तिकीट काढू नका. काही अघटित घडून पेपर पुढे ढकलावा लागला तर म्हणून जूनच्या शेवटाकडे एक राखीव दिवस ठेवलेला असतो, आणि तोपर्यंत मूल हजर राहू शकेल असं असावं लागतं.

निकाल ऑगस्टमधल्या एका गुरुवारी लागतो. त्या दिवशी मूल इथेच असावं असा माझा आग्रह आहे. मनासारखे ग्रेड आले नाहीत तर क्लिअरिंगमधून उरलेल्या जागांसाठी विद्यापीठांना फोन करावे लागतात, आणि विद्यापीठं विद्यार्थ्याशीच बोलतात, वडिलांशी नाही. शाळेत त्या सकाळी शिक्षक मदतीला बसलेले असतात. पुण्यातून, वेळेच्या फरकाने, आजीच्या वायफायवरून हे सगळं करणं मुलाच्या जिवावर येतं. फोन चार्ज केलेला, युकासचा क्रमांक आणि जीसीएसईचे ग्रेड (किंवा दहावीची मार्कशीट) समोर, आणि आवडीच्या चार-पाच विद्यापीठांचे क्लिअरिंगचे फोन नंबर आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवलेले असावेत.